वडील गेले, लग्न झालं, नोकरी आणि शहर बदललं: अशा वर्षाचा आढावा कसा घ्यायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय धरून चालले आहे ते तुम्हाला दिसेल. वय ३१, पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग. जानेवारीपासून प्रॉडक्टच्या (म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय बनवायचं ते ठरवण्याच्या) कामासाठी अर्ज करणं चालू होतं. फेब्रुवारीत तीन आठवड्यांच्या आजारपणानंतर वडील गेले. आधीच्या डिसेंबरात ठरलेलं लग्न ‘वर्षाच्या आत’ करायचं म्हणून मे महिन्यात उरकलं. जूनमध्ये हैदराबादची ऑफर आली, ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं तिकडे गेलात, आई सांगलीला एकटी. आता डिसेंबर आहे. वर्षाचा हिशोब मांडायला बसलात की काही सुचत नाही, आणि शेवटी ‘ही नोकरी घेतली तीच चूक, परत फिरावं’ इथेच गाडी येऊन थांबते. डायरी लिहायची सवय नाही.

हे वर्ष चांगलं म्हणायचं की वाईट, असं तुम्ही विचारलंय. पण तुमचं लिखाण वाचताना त्याखाली दुसराच प्रश्न दिसतो: या सगळ्यात माझं किती चुकलं? ‘आईला एकटं सोडून’ हे शब्द तुम्ही तीनदा लिहिले आहेत. वडिलांचं जाणं, लग्नाची घाई, नवं काम आणि आईचं एकटेपण या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणं वेगळी, त्यातला तुमचा वाटाही वेगळा. मन मात्र चारही गोष्टींचं ओझं एकाच निर्णयावर टाकतं, कारण उलटा फिरवता येईल असा तो एकच निर्णय उरलाय. करिअर बदलणाऱ्यांबरोबर काम करताना हे मला वारंवार दिसतं. ज्या वर्षात घरात मृत्यू झाला त्या वर्षीची नोकरी लोकांना हमखास चुकीची वाटते. कधी ती खरंच चुकीची असते, पण ते असं नुसतं बसून कळत नाही.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधीच सांगते. आईची तब्येत ठीक नसेल, किंवा नव्या ठिकाणी पगार थकत असेल, अपमान होत असेल, तर आढाव्याची वाट पाहू नका; तो प्रश्न आधी सोडवा. तसंच दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, झोप किंवा भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. यातलं काही नसेल तर पुढे वाचा.

पहिली गोष्ट, आठवणीवर विसंबू नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ सालचा एक प्रयोग आहे. माणसांना १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. आठवण सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट धरून ठेवते; किती काळ काय चाललं होतं हे ती नीट मोजत नाही. तुमच्या वर्षातला तीव्र क्षण फेब्रुवारीतला आणि शेवट नव्या शहरातल्या एकट्या डिसेंबरचा. मधले महिने त्यात दबून जाणारच. म्हणून आधी वर्ष पुराव्यांवरून उभं करायचं आणि मग त्याबद्दल मत बनवायचं.

यासाठी अडीच-अडीच तासांच्या दोन बैठका लागतात, मध्ये एक आठवडा. एकाच दिवशी उरकायला गेलं की मध्येच माणूस थकतो आणि शेवटचे महिने दोन ओळींत संपतात. साधं दोनशे पानी रजिस्टर घ्या, प्रत्येक महिन्याला समोरासमोरची दोन पानं. सुरुवात जानेवारीपासून नको, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून करा. पहिल्या मोठ्या बदलाआधीचे तीन-चार महिने हाताशी नसतील तर तुलना कशाशी करणार? अनेकांना इथेच पहिला धक्का बसतो. जुनी नोकरी आता गोड वाटत असते, आणि तेव्हाचे मित्राला पाठवलेले मेसेज वाचले की कळतं, आपण तिथे वर्षभर कंटाळलो होतो. तुम्ही जानेवारीतच अर्ज करायला लागला होतात, ते कशामुळे, हे त्या ऑक्टोबर-डिसेंबरच्या पानांवर सापडेल.

पुरावे कुठल्या क्रमाने पाहायचे यालाही महत्त्व आहे. आधी बँकेचं स्टेटमेंट. ते कोरडं असतं, म्हणून सुरुवातीला बरं. औषधांचं दुकान, हॉस्पिटलची अनामत, मंगल कार्यालयाचा आगाऊ भरणा, टेम्पोचं भाडं, घराचं डिपॉझिट अशा नोंदींवरून तारखा पक्क्या होतात. दोन अडचणी येतात. यूपीआयच्या नोंदीत बऱ्याचदा दुकानाऐवजी मालकाचं नाव असतं, त्यामुळे अनोळखी नावं दिसली की लगेच सोडून देऊ नका. रक्कम आणि वार पाहिला की बहुतेक वेळा आठवतं. आणि हॉस्पिटलचा बराच खर्च भावाने, काकांनी किंवा आईच्या खात्यातून झालेला असतो, तो तुमच्या स्टेटमेंटमध्ये दिसणारच नाही. कोणी किती केलं, हे विचारून घ्या. त्यातली काही देणी अजून द्यायची राहिलेली असतात आणि तीही मनावर ओझं म्हणून बसलेली असतात.

त्यानंतर ईमेलमधली तिकिटं: ट्रेन, बस, विमान. तुम्ही ऑगस्टनंतर सांगलीला किती वेळा गेलात ते मोजा. ‘आईकडे जाणंच होत नाही’ असं तुम्ही म्हणता. आकडा काय निघतो ते पाहा आणि त्याच्या शेजारी पुण्यात असतानाच्या चार महिन्यांचा आकडा लिहा. फरक मोठा निघेल किंवा निघणार नाही, पण अपराधी वाटण्याला निदान एक माप मिळेल.

मग व्हॉट्सअ‍ॅप. एखाद्या चॅटमध्ये तारीख निवडून थेट त्या दिवसावर जाता येतं. सगळं वाचत बसू नका, नाहीतर रात्र जाईल. तीनच माणसं निवडा: ज्याला कामाचं सांगता तो मित्र, पत्नी, आणि भाऊ किंवा बहीण. दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यातले मेसेज पुरेत. वडिलांचं चॅट आणि त्यांचे आवाजी मेसेज या कामात उघडू नका. ते जपून ठेवायचे आहेत, पण त्यांची वेळ वेगळी. हिशोब मांडता मांडता तो आवाज कानावर पडला की बैठक तिथेच मोडते आणि पुन्हा बसायला महिना लागतो.

फोटो सगळ्यांत शेवटी. लग्नाच्या आठवड्याचे शेकडो फोटो असतील आणि हॉस्पिटलच्या तीन आठवड्यांचा एकही नसेल. फोटो आधी पाहिले तर मे महिना वर्षभर पसरल्यासारखा वाटतो. जिथे फोटोच नाहीत त्या आठवड्यांवर खूण करा. त्या आठवड्यांत काय चाललं होतं हे इतर पुराव्यांतून शोधायचं.

आता दर महिन्याच्या पानावर चार-सहा घटना येतील. प्रत्येकीपुढे एक अक्षर लिहा. ‘नि’ म्हणजे मी निवडलं. ‘अं’ म्हणजे अंगावर आलं. ‘ओ’ म्हणजे ओघात होत गेलं: कोणी नीट ठरवलं नाही, पण कोणी थांबवलंही नाही. पहिली दोन अक्षरं सोपी आहेत. वेळ द्या तो ‘ओ’ला, कारण माझ्या अनुभवात खंत बहुधा तिथे साचलेली असते. लग्न तुम्ही निवडलं, पण मे महिना निवडला नाही. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्न, नाहीतर तीन वर्षं थांबा, हा रिवाज पुढे आला आणि तारीख ठरली. म्हणजे शोकाच्या तिसऱ्या महिन्यात तुम्ही बोहल्यावर उभे होतात. लग्नात मनापासून आनंद झाला नाही म्हणून तुम्ही स्वतःला बोल लावताय, पण त्यामागे हे कारण असू शकतं. त्याचा लग्नाच्या निवडीशी संबंध नाही. आईने सांगलीलाच राहायचं हेही ‘नि’ की ‘ओ’ ते पाहा. तिला स्पष्ट विचारलं होतं का? तिने काय उत्तर दिलं होतं? घर, शेजार, नेहमीचे डॉक्टर, भिशी, देऊळ यांच्यासाठी तिने स्वतः राहायचं ठरवलं असेल, तर ‘मी तिला सोडलं’ हे वाक्य खरं नाही. आणि विचारलंच नसेल, तर ते आता विचारता येतं.

पहिली बैठक इथे संपते. मत लिहू नका. रजिस्टर बंद करून आठवडाभर ठेवून द्या.

दुसऱ्या बैठकीत फक्त ‘नि’ असलेले निर्णय घ्या, त्यातलेही तीन-चारच. प्रत्येकासाठी अर्धं पान: निर्णयाची तारीख, त्या दिवशी मला काय माहीत होतं, दुसरे पर्याय कोणते होते, काय होईल अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात काय झालं. यातला ‘त्या दिवशी काय माहीत होतं’ हा भाग सगळ्यांत अवघड. निकाल कळल्यानंतर तो आधीपासून दिसतच होता असं वाटायला लागतं. म्हणून इथेही आठवणीतून लिहू नका. ऑफरचं पत्र आलं त्या आठवड्यातले मेसेज उघडा आणि तेव्हाचे स्वतःचे शब्द उतरवा. निर्णय कसा घेतला आणि त्याचं फळ काय आलं, याला वेगवेगळे शेरे द्या. नीट विचार करून घेतलेल्या निर्णयाचं फळ वाईट येऊ शकतं, आणि घाईने केलेलं कधी उत्तम निघतं. दोन्हींना एकच शेरा दिला की पुढच्या वेळी माणूस चुकीचा धडा घेऊन उतरतो.

तुमच्या नोकरीच्या बाबतीत मी हा निर्णय दोन तुकड्यांत लिहायला सांगेन. जानेवारीत ‘काम बदलायचं’ हे ठरवणारा माणूस आणि जूनमध्ये ‘हैदराबादला जायचं’ याला हो म्हणणारा माणूस यांची परिस्थिती एक नव्हती. काम बदलणं बरोबर आणि शहर बदलण्याची वेळ चुकीची, असंही निघू शकतं. तसं निघालं तर उपायही बदलतो. परत जुन्या टेस्टिंगकडे जायचं कारण उरत नाही. याच प्रकारचं काम पुण्यात, किंवा याच कंपनीत महिन्यातले काही दिवस घरून, हे पर्याय तपासायचे असतात.

वर्षाच्या वजनाचा अंदाज यावा म्हणून एक जुनं मोजमाप सांगते. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी ४३ घटनांची यादी केली. लग्नाला ५०० धरा आणि इतर घटनांशी जुळवून घ्यायला त्या तुलनेत किती झीज सोसावी लागते ते सांगा, असं त्यांनी लोकांना विचारलं; पुढे आकडे दहाने भागले. त्या यादीत जवळच्या कुटुंबीयाचा मृत्यू ६३, लग्न ५०, आर्थिक स्थितीतला बदल ३८, कामाचं क्षेत्र बदलणं ३६, राहणीमानातला बदल २५, घर बदलणं २०. तुमची बेरीज २३२. दीडशे ते तीनशे हा मधला पट्टा, त्यात तब्येतीकडे लक्ष द्यावं असं ते सांगत. हे भाकीत समजू नका. बेरीज आणि आजारपण यांचा संबंध अभ्यासांत बराच क्षीण निघालेला आहे, आणि हवा असलेला बदल व नको असलेला बदल यांत ही यादी फरक करत नाही. मी ती वापरते ते एका कारणासाठी: आनंदाच्या गोष्टीलाही तिथे वजन आहे. ‘लग्न तर चांगलंच झालं, मग थकवा कसला’ असं म्हणणाऱ्या माणसाला तो ५०चा आकडा दाखवावा लागतो.

आता शोक आणि नोकरी वेगळं कसं करायचं. सलग तीन आठवडे, म्हणजे कामाचे पंधरा दिवस आणि मधल्या सुट्ट्या, दिवसातून दोनदा एक ओळ लिहा: दुपारी जेवणानंतर आणि रात्री नऊच्या सुमारास. काय करत होतो, कोणाबरोबर, आणि मनाचा जडपणा शून्य ते पाच. रविवारी, मित्रांत, आवडत्या जेवणासमोरही तोच चार-पाच असेल तर तो बहुधा शोक आहे आणि नोकरी बदलून तो जाणार नाही. ठरावीक बैठकीआधी, ठरावीक माणसासमोर किंवा ठरावीक कामातच वर जात असेल, तर मामला नोकरीचा आहे आणि त्यातही नेमक्या एका भागाचा. आठवड्यातच निष्कर्ष काढू नका. वडिलांची तिथी, सण किंवा सॉफ्टवेअरच्या रिलीजची धावपळ यांपैकी काही आलं की एक आठवडा सहज वाकडा दिसतो.

नव्या कामाला किती वेळ द्यायचा हे महिन्यांत मोजण्यापेक्षा त्या कामाच्या चक्रात मोजा. शिक्षकाला एक शैक्षणिक वर्ष, साखर कारखान्यातल्या माणसाला एक गळीत हंगाम. प्रॉडक्टच्या कामात एक गोष्ट सुचण्यापासून ती लोकांच्या हातात पडून त्यांच्या तक्रारी परत येईपर्यंत एक फेरी होते. ऑगस्टपासून अशी एक तरी फेरी तुमच्या हातून पूर्ण झाली आहे का? नसेल तर तुम्ही अजून हे काम पाहिलेलंच नाही, फक्त शिकण्याचा त्रास पाहिला आहे. टेस्टिंगमध्ये सहा वर्षांचं कसब हातात होतं, इथे रोज नवखेपण. त्या फरकाला बरेच लोक ‘हे काम माझं नाही’ असं समजतात.

म्हणून परतीचा निर्णय मी वर्षश्राद्धानंतर सहा-आठ आठवड्यांवर ढकलेन, आणि ती तारीख आजच लिहून ठेवेन. तोवर तीन कागद काढून वाचा: ऑफर लेटरमधली जॉइनिंग बोनस परत करण्याची अट (ती बहुधा १२ महिन्यांची असते), नोटीस पीरियड, आणि घराच्या करारातला लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही अशी मुदत. मनात परतीचे विचार चालू असतात आणि या तीन तारखा माहीतच नसतात, असं फार वेळा होतं.

काही अर्धवट कामंही या वर्षाचाच भाग आहेत, आणि ती राहिली की घटना संपल्यासारखी वाटत नाही. जुन्या कंपनीत पाच वर्षांहून जास्त झाली, म्हणजे ग्रॅच्युइटी मिळायला हवी. आली का ते पाहा. पीएफ नव्या खात्याला जोडला का? पीएफ, बँक, विमा यांत वारस म्हणून वडिलांचं नाव असेल तर ते बदला. लग्नानंतर पीएफचं नामनिर्देशन तसंही नव्याने करायचं असतं. जुन्या कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपला. आई त्यात होती का, आणि आता कुठे आहे? यातलं सगळ्यांत तातडीचं हेच. दोन कंपन्यांचा पगार एकाच आर्थिक वर्षात आला आहे. आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला दिला नसेल तर दोघांनीही सवलती वेगवेगळ्या धरून कर कमी कापलेला असतो आणि मग रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम व व्याज निघतं. मार्चआधी देऊन टाका. गावाकडे शेती असेल तर सातबाऱ्यावर वारसनोंद. ती तीन महिन्यांत कळवायची असते. राहून गेली असेल तर आता तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून अर्ज करा. दर शनिवारी एकच काम घ्या.

पत्नीने तिचं रजिस्टर वेगळं करावं. तिनेही याच वर्षात माहेर, शहर आणि कदाचित नोकरी सोडली आहे, आणि तुमच्या घरातल्या शोकात ती नवी सून म्हणून आली. तुमच्या लिखाणात तिच्याबद्दल एकच वाक्य आहे. दोघांची पानं झाली की एकमेकांची वाचा, पाऊण तास, आणि पहिली पंधरा मिनिटं कोणीही खुलासा करायचा नाही. तुम्ही ‘नि’ लिहिलेलं तिच्या पानावर ‘ओ’ असेल. ते दिसलं की वाद घालू नका, नुसतं लिहून ठेवा. पुढच्या शहराचा निर्णय घेताना तेच कामी येईल.

फेब्रुवारीचं पान मात्र वेगळं. तिथे तारखा आणि खर्च एवढंच लिहा आणि बाकी जागा रिकामी ठेवा. त्यावर लिहावंसं वाटेल तेव्हा सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, कोणाला दाखवायचं नाही असं धरून लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये अभ्यासलेली पद्धत साधारण अशीच आहे. लिहिल्यानंतर तासभर जास्त उदास वाटू शकतं, म्हणून झोपायच्या आधी लिहू नका. लिहिताना सहन होत नाही असं वाटलं तर तिथेच थांबा.

आणि एक काम याच आठवड्यात. आईच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असेल. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, वडिलांच्या डॉक्टरांच्या वेळा, तुम्ही येणार असाल त्या दिवसावर केलेली खूण, असं काय काय तिच्या हाताने लिहिलेलं असतं. तुमच्या वर्षाची सगळ्यांत प्रामाणिक नोंद बहुधा तीच आहे. नवं कॅलेंडर आलं की जुनं रद्दीत जातं किंवा फडताळात अंथरलं जातं. आजच फोन करून सांगा, ते जपून ठेव, मी येतो तेव्हा आपण दोघं मिळून पाहू.